कॉलेजात जाऊन मुले नेमकी कशाने घडतात?

विरारच्या एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी झाली असून तिला सीए व्हायचे आहे. सीएचा क्लास घरापासून दहा मिनिटांवर आहे, पदवी दूरशिक्षणाने घेता येते आणि दादरच्या ज्या कॉलेजात तिला प्रवेश मिळू शकतो, तिथे जाऊन येण्यात रोज तीन तास जातील. ते लिहितात, ‘कॉलेजात व्यक्तिमत्त्व घडते, असे सगळेच म्हणतात, पण ते नेमके कशामुळे घडते, हे कोणी सांगत नाही. आपण इतकी वर्षे मुलांमध्ये काढली आहेत, म्हणून आपल्याला विचारतो. हे खरे आहे, की केवळ म्हणण्यापुरते?’

मी मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयात 31 वर्षे मानसशास्त्र शिकवले. त्यातली काही वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या एनएसएसची, कार्यक्रम अधिकारी होते आणि शेवटची आठ वर्षे विद्यार्थी समुपदेशन कक्षाचे काम पाहिले. या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे, की कॉलेजात मुले घडतात हे खरे आहे, मात्र ती आपोआप घडत नाहीत आणि बहुतेक वेळा ज्या कारणांची आपण चर्चा करतो, त्या कारणांनी तर नाहीच. मोठी इमारत, नावाजलेले प्राध्यापक, महोत्सवांची रोषणाई यांचा वाटा मला कायम लहान दिसला. मुलगा किंवा मुलगी बदलताना दिसली ती तेव्हा, जेव्हा घराबाहेरच्या, रक्ताच्या नात्यात नसलेल्या कोणाला तरी तिची गरज लागू लागली आणि ती गरज पुरी करणे किंवा न करणे सर्वस्वी तिच्या हातात होते. पुढे जे लिहिते आहे, ते सगळे या एका गोष्टीभोवतीच आहे.

त्याआधी एक सावधगिरीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. कॉलेजात गेलेली मुले न गेलेल्यांपेक्षा अधिक धीट, अधिक बोलकी दिसतात, म्हणून तो सारा गुण कॉलेजच्या पदरात टाकणे योग्य नाही. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 18 ते 23 या वयोगटात उच्च शिक्षणाच्या नोंदणीचे प्रमाण देशात 28.4 टक्के आणि महाराष्ट्रात 35.3 टक्के होते. म्हणजे अजूनही बहुसंख्य तरुण या दारापर्यंत पोहोचत नाहीत आणि जे पोहोचतात त्यांच्या पाठीशी पुष्कळदा थोडे बरे उत्पन्न, शिकलेले आईवडील, अभ्यासाला एक कोपरा असे काही ना काही असते. त्यांच्या आत्मविश्वासाचा एक भाग घरूनच आलेला असतो. तो वजा करूनही काही उरते का, हाच खरा प्रश्न आहे. आणि उरते, असे मी म्हणते, कारण ज्यांच्या घरी यातले काहीच नव्हते अशा मुलांमध्येही मी ते घडताना पाहिले आहे.

या शहरात हे आजचे नाही. 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या प्रोत्साहनाने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था काढली. सुरुवात निबंध वाचण्यापासून आणि चर्चेपासून झाली. पण पुढच्याच वर्षी, 1849 मध्ये, त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि त्या शाळांत ही तरुण मंडळी स्वतः विनावेतन शिकवू लागली. तरुण दादाभाई नौरोजी त्यांच्यापैकीच एक होते. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 मध्ये, म्हणजे हे सारे विद्यापीठाच्याही आधीचे आहे. मुलींना शिकवण्याला घरोघरी विरोध असलेल्या त्या काळात एखाद्या घराच्या ओसरीवर वर्ग भरवायचा, पालकांची समजूत घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर राहायचे, हे त्या विद्यार्थ्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने सांगितलेले नव्हते. ते शिकले ते समोर बसलेल्या लहान मुली उद्या वाट पाहतील, या जाणिवेतून.

आता आजच्या मुलीकडे येऊ. कॉलेजचे पहिले दोन-तीन महिने बाहेरून पाहणाऱ्याला अगदी किरकोळ वाटतात. तिला लोकलच्या पासाच्या सवलतीचा अर्ज कार्यालयातून आणायचा असतो, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरायची असते, बँकेतले खाते आधारशी जोडलेले नाही म्हणून परत पाठवलेला अर्ज पुन्हा भरायचा असतो, आणि खिडकीपलीकडचे कारकून ‘उद्या या’ म्हणाले तर उद्या पुन्हा रांगेत उभे राहायचे असते. शाळेत ही सगळी कामे आई-बाबा करतात. शाळेत ती ‘अमक्यांची मुलगी’ किंवा ‘तमक्याची धाकटी बहीण’ म्हणून ओळखली जाते. शिक्षकांना घर माहीत असते, वहीवर अक्षर बिघडले तर आईला निरोप जातो. कॉलेजात सुरुवातीला ती फक्त एक हजेरी क्रमांक असते. या अनोळखीपणाची पालकांना भीती वाटते, पण मला तो उपकारक वाटतो. घरच्या आणि शाळेच्या जुन्या ओळखीत जी मुलगी ‘अबोल’ म्हणून ठरून गेलेली असते, तिला इथे कोणी अबोल म्हणून ओळखत नाही. नव्याने सुरुवात करण्याची अशी सोय आयुष्यात फार वेळा मिळत नाही.

मात्र हा अनोळखीपणा फार लांबला तर तो एकटेपणा होतो. मुंबईत कला आणि वाणिज्य शाखेच्या एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुले असतात. त्यात एखादे मूल वर्षभर कोणाच्याही नजरेत न भरता राहू शकते. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. लालबागच्या चाळीत वाढलेला, दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला. वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर घराची जी वाताहत झाली, ती त्याने जन्मापासून पाहिलेली. पहिल्या सत्रात तो शेवटच्या बाकावर बसत असे आणि तास संपताच निघून जात असे. उत्तरपत्रिकेत त्याला विषय कळलेला स्पष्ट दिसे, पण इंग्रजी वाक्ये तुटक असत आणि वर्गात त्याने तोंड उघडले नाही. मी त्याला दोनदा बोलावून धीर दिला. त्याचा काहीही उपयोग झाला नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण शिक्षकांच्या उपदेशाने मुले बदलतात या समजाला मी पुष्कळ वर्षे कवटाळून होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही एक लहान क्षेत्रपाहणी घेतली. गिरण्या बंद पडल्यावर कुटुंबातले निर्णय कोण घेऊ लागले, हा तिचा विषय होता. मुलांच्या जोड्या मी चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. त्याच्या वाट्याला पेडर रोडवर राहणारी, उत्तम इंग्रजी लिहिणारी एक मुलगी आली, जिला मराठी जेमतेम कळत होते आणि जी चाळीच्या जिन्यावर कधी चढली नव्हती. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आले, की या मुलाशिवाय तिला एकही मुलाखत मिळणार नाही. कोणत्या घरी दुपारी जायचे, आजींना काय म्हणून हाक मारायची, चहा नको म्हटले तर समोरच्याला काय वाटेल, पैशांबद्दलचा प्रश्न थेट न विचारता कसा काढायचा, हे सगळे त्याला माहीत होते. रात्री तो मुलाखती मराठीत उतरवून काढत असे, दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसून दोघे त्यांचे इंग्रजी करत. दोन महिन्यांत त्याचे इंग्रजी सुधारले, ही त्यातली दुय्यम गोष्ट. महत्त्वाचे हे, की ज्या घराची आणि वस्तीची त्याला वर्गात लाज वाटत होती, तेच त्याचे ज्ञान ठरले. सादरीकरणाच्या दिवशी तो उभा राहून अडखळत इंग्रजीत वीस मिनिटे बोलला, मध्ये दोनदा मराठीत गेला आणि पुन्हा इंग्रजीत आला, आणि कोणी हसले नाही, कारण तो जे सांगत होता ते वर्गातल्या दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. त्या मुलीतही तितकाच बदल झाला. वर्षभर आपल्या मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला आपण पाहिलेच नव्हते, असे तिने अहवालाच्या शेवटी स्वतःहून लिहिले.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडले होते, की दोन वेगळ्या समाजगटांतली माणसे नुसती जवळ आली म्हणून त्यांचे पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी त्या दोघांचे स्थान त्या कामापुरते समान असावे लागते, उद्दिष्ट एक असावे लागते, ते गाठण्यासाठी एकमेकांचे सहकार्य लागते आणि ज्या संस्थेत हे घडते तिचा त्याला पाठिंबा असावा लागतो. मी हे दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते, पण त्याचा अर्थ मला त्या जोडीने शिकवला. मुंबईत आपण रोज लोकलमध्ये हजार माणसांना खेटून प्रवास करतो आणि तरी एकमेकांना अनोळखी राहतो, कारण तिथे जवळीक आहे पण सामाईक काम नाही. कॉलेजात ते काम मिळू शकते. घरी बसून घेतलेल्या पदवीत जर काही निसटत असेल तर मुख्यतः हेच: आपल्यासारखे नसलेल्या माणसाबरोबर, बरोबरीच्या नात्याने, काहीतरी तडीस नेण्याचा अनुभव.

आता वेळेचा प्रश्न, कारण आपल्या पत्रातली खरी अडचण तीच आहे. अलेक्झांडर ॲस्टिन या शिक्षण-अभ्यासकाने 1984 मध्ये एक साधा सिद्धांत मांडला: विद्यार्थी कॉलेजच्या जीवनात स्वतःला किती गुंतवतो, त्यात किती वेळ आणि मनाची किती शक्ती घालतो, त्या प्रमाणात त्याचा विकास होतो. वसतिगृहात राहणाऱ्यांना घरून ये-जा करणाऱ्यांपेक्षा याचा लाभ अधिक मिळतो, असेही त्याला आढळले होते. मुंबईतली आपली बहुतेक सारी मुले ये-जा करणारीच आहेत. कसारा, कर्जत, पनवेल, विरार इथून येणाऱ्या मुलांचा जीव दुपारी बाराच्या गाडीत अडकलेला असतो. ती तास संपताच निघतात, आणि कॉलेजचे जे खरे कॉलेजपण आहे ते तर तासांच्या मधल्या आणि नंतरच्या वेळात असते: प्राध्यापक न आल्याने मोकळ्या मिळालेल्या तासात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, माटुंग्याच्या रुईया नाक्यावर, एका वडापावाचे दोन वाटे करताना. हा वेळ वाया गेला असे पालकांना वाटते आणि मीही तरुण प्राध्यापक असताना मुलांना कट्ट्यावरून उठवून वर्गात पाठवत असे. आता तसे करणार नाही. त्या कट्ट्यावर मुले मतभेद सहन करायला, कोणाचे गुपित राखायला, उसने दिलेले पैसे परत मागायला आणि न मागायलाही शिकतात. तिथे कोणी त्यांचे आईवडील नसते.

विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे 75 टक्के हजेरी आवश्यक आहे. हा नियम पाळावा, पण हजेरीच्या टक्क्यांत मुलगी घडते असे समजू नये. शंभर टक्के हजर राहून एकाही माणसाशी न जोडले गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

ज्या अनुभवाबद्दल मला सर्वांत अधिक सांगावेसे वाटते तो एनएसएसच्या शिबिराचा आहे. ही योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास असे दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात भाग घ्यायचा, अशी तिची रचना आहे. आमचे शिबिर आता पालघर जिल्ह्यात असलेल्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत असे. सकाळी श्रमदान, म्हणजे बहुधा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा. दुपारी घरोघरी पाहणी. संध्याकाळी एखादे व्याख्यान आणि रात्री गटचर्चा. मुलांचे गट पाडलेले असत आणि स्वयंपाकही गटाकडेच असे.

एका वर्षी स्वयंपाकाच्या गटाची प्रमुख म्हणून एका शांत, नीटनेटक्या मुलीची निवड झाली. पहिल्या दुपारी तिने घरच्या वाटीच्या हिशेबाने भात टाकला आणि तो पहिल्या पंगतीतच संपला. अकरा मुले चार तास माती उचलून आलेली, हात धुऊन बसलेली, आणि पातेले रिकामे. दुसरा भात व्हायला पाऊण तास लागला. कोणी तिला बोलले नाही, तरी ती शाळेच्या मागे जाऊन रडली. मी तिच्यामागे जायला निघाले होते, पण थांबले. ते थांबणे मला सोपे गेले नाही. थोड्या वेळाने ती स्वतःच उठून पाड्यावरच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताईंकडे गेली आणि पन्नास माणसांना तांदूळ किती, डाळ किती, पाणी किती, हे विचारून आली. रात्री तिने त्याचा तक्ता करून भिंतीला लावला, चुलीपाशी कोण, वाढायला कोण, भांडी कोण, हे नावानिशी लिहिले, आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्यांत स्वतःचे नाव घातले. उरलेले सहा दिवस एकदाही अन्न कमी पडले नाही आणि टाकावेही लागले नाही. पुढे एकदा ती मला म्हणाली, ‘मॅडम, घरी स्वयंपाक येत नव्हता असे नाही. पण घरी माझे चुकले तर आई सावरून घेते. तिथे सगळे माझ्याकडेच बघत होते.’ आपला प्रश्न ‘नेमके कशामुळे घडते’ असा आहे. मला त्याचे याहून नेमके उत्तर ठाऊक नाही.

एकांकिकांच्या गटात हेच दिसते. लोकांना रंगमंचावरचा नट दिसतो. मी मात्र पडद्यामागच्या मुलांकडे पाहत आले. दोन मिनिटांत नेपथ्य बदलणारी, दिव्याची वेळ न चुकवणारी, तालमीनंतर रात्री साडेदहाला शेवटच्या मुलीला स्थानकापर्यंत सोडून मग स्वतःची गाडी पकडणारी ही मुले असतात. चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई’ स्पर्धेची रात्र 25 जानेवारीला सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते. तिथवर पोहोचलेल्या एका गटात ध्वनीची बाजू सांभाळणारा माझा एक विद्यार्थी होता; वर्गात कधी वेळेवर न येणारा तो मुलगा सेकंदाचा हिशेब ठेवू लागला होता. खेळ, एनसीसी, वाङ्मय मंडळ, भित्तिपत्रक यांबद्दलही असेच सांगता येईल.

विचार करण्याच्या पद्धतीत होणारा बदल मात्र वर्गातच होतो आणि तो सावकाश होतो. विल्यम पेरी यांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षे बोलून 1970 मध्ये जे मांडले, ते मला आमच्या मुलांतही ओळखू आले. पहिल्या वर्षाची मुले विचारतात, ‘यातले बरोबर उत्तर कोणते, तेवढे लिहून द्या.’ काही महिन्यांनी, दोन जाणकारांची मते परस्परविरोधी असू शकतात हे कळले, की ती दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘ज्याचे त्याचे मत’ असे म्हणू लागतात. तिथून पुढे जाऊन, मते अनेक असली तरी पुराव्याने एखादे अधिक भक्कम ठरते आणि आपल्याला कारणे देऊन कुठेतरी उभे राहावे लागते, इथपर्यंत येणारी मुले थोडी असतात. तयार नोट्सवर परीक्षा देणारी मुले बहुधा पहिल्याच पायरीवर राहतात. सीएच्या अभ्यासात नियम पाठ असावे लागतात हे मला माहीत आहे. पण लेखापरीक्षकाचे सारे काम समोरच्याच्या सांगण्याला पुरावा मागण्याचे आहे आणि ज्येष्ठ माणसासमोर नम्रपणे ‘हे मला पटत नाही’ म्हणण्याची सवय त्याला आधी कुठेतरी लागलेली असावी लागते.

अपयशाबद्दलही लिहिले पाहिजे. आपल्याकडे केटी लागणे, म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या वर्गात जाणे, ही घरात कुजबुजत बोलायची गोष्ट असते. समुपदेशन कक्षात माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी पुष्कळ जण पहिल्या केटीनंतर आले होते आणि त्यांना विषय राहिल्याचे जितके दुःख होते, त्याहून अधिक भीती घरी सांगण्याची होती. ज्या मुलांना मागच्या वर्षीची एखादी ताई किंवा दादा भेटला, ज्याने स्वतः दोन विषय राहिल्यावर पुढे ते काढले होते, ती मुले लवकर सावरली. ज्यांना असे कोणी नव्हते, ती खोटे बोलू लागली आणि एका खोट्यातून दुसऱ्यात अडकत गेली. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाला अपयश येते तेव्हा त्याच्या शेजारी तेच अपयश पचवलेला दुसरा मुलगा नसतो; दूरशिक्षणाची ही उणीव मला पुस्तकांच्या किंवा व्याख्यानांच्या उणिवेपेक्षा मोठी वाटते. सीएच्या परीक्षेत एकापेक्षा अधिक प्रयत्न लागणे सामान्य आहे, म्हणून आपण याचा विशेष विचार करावा. मन फारच खचले असेल तर कॉलेजच्या समुपदेशकांशी किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या शासकीय क्रमांकावर बोलावे. हे मुलीला आधीच, काहीही घडलेले नसताना, सांगून ठेवावे.

कॉलेजात नुकसानही होते, ते लपवणे बरे नाही. काही ठिकाणी हजेरी कागदावर लागते आणि मुले दिवसभर क्लासमध्ये असतात. अशा कॉलेजात आपल्या मुलीला घालण्यापेक्षा दूरशिक्षण अधिक प्रामाणिक आहे. कपडे, मोबाइल, बाहेरचे खाणे यांची तुलना साध्या घरातल्या मुलांना आतून पोखरते. काही मुले अभ्यासाला टाळण्यासाठीच पाच समित्यांत नाव घालतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या रचनेत सहशैक्षणिक उपक्रमांनाही क्रेडिट मिळू लागले आहेत. त्याने या कामांना मान मिळाला हे चांगलेच झाले, पण केवळ सहीसाठी येणारे विद्यार्थीही वाढतील याची मला काळजी वाटते. गरज नसलेल्या जागी पाठवलेल्या पन्नास मुलांपैकी कोणीच बदलत नाही.

मुलगी आहे म्हणून एक गोष्ट वेगळी लिहिते. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा मुलीने घराबाहेर शिकायला जाणे हाच वाद होता. आज वाद जाण्याचा नाही, परतण्याच्या वेळेचा आहे. मुलाला तालमीसाठी रात्री नऊ चालतात आणि मुलीला सहाच्या आत घरी यायचे असते, त्यामुळे जबाबदारीची कामे आपोआप मुलांकडे जातात आणि मुलींच्या वाट्याला रांगोळी आणि स्वागत येते. हे मी अनेक वर्षे पाहिले आणि तालमीच्या वेळा दुपारी ओढून जमेल तितके बदलले. लोकलचा प्रवास हा केवळ त्रास आहे, असेही मला वाटत नाही. 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष गाडी सुरू झाली. त्या गाडीत आणि महिलांच्या डब्यांत भाजी निवडणाऱ्या, हळदीकुंकू करणाऱ्या, आजारी मैत्रिणीची जागा धरून ठेवणाऱ्या नोकरदार स्त्रियांमध्ये बसून आमच्या कितीतरी मुलींनी नोकरी आणि घर यांबद्दल जे ऐकले, ते मी वर्गात सांगू शकले नसते.

तरीही आपल्याला माझा सल्ला दादरच्या कॉलेजचा आग्रह न धरण्याचा आहे. अनेक कॉलेजांत वाणिज्य शाखेचे तास सकाळी सातला सुरू होतात. विरारहून त्यासाठी मुलगी पाचच्या सुमाराला घर सोडेल, अकराला थकून परत निघेल आणि दुपारी क्लास करील. मग नाव मोठ्या कॉलेजचे असेल, पण ती तिथे कोणाचीच नसेल. वसई-विरार किंवा बोरिवलीपर्यंतचे साधे कॉलेज, जिथे तिला तासांनंतर दोन तास थांबता येईल, ते तिच्यासाठी अधिक चांगले. कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्रवेशाची खिडकी बघून परत फिरू नका. दुपारी दोनला जा. त्या वेळी ग्रंथालयात, मैदानावर, एखाद्या रिकाम्या वर्गात मुले काही करताना दिसतात का, ते पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा, की इथे तुम्ही स्वतः काय चालवता. शिक्षक काय घेतात हे नंतर विचारले तरी चालेल.

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, आता 2 वर्षांची आहे आणि ती इंटरमीजिएट या मधल्या परीक्षेचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावर सुरू होते. म्हणजे कॉलेजला मोकळेपणाने देता येईल असा काळ पहिली दीड-दोन वर्षे इतकाच आहे. त्यात तिने एकच उपक्रम निवडावा आणि तो सोडू नये. परीक्षेच्या दीड महिना आधी त्यातून रजा घ्यावी, पण ती रजा तिने स्वतः गटाला सांगून, आपले काम कोणाकडे सोपवले हे ठरवून घ्यावी. आपण कॉलेजात फोन करून घेऊ नये.

पैशांच्या किंवा घरच्या अडचणीमुळे दूरशिक्षणच घ्यावे लागले, तर त्यात कमीपणा नाही. मुंबई विद्यापीठाने ही सोय 1971 मध्ये सुरू केली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. दिवसा नोकरी करणाऱ्या हजारो मुलामुलींना त्यानेच पदवी दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, ते याच जाणिवेतून, की कामकरी मुलांनाही पदवीबरोबर कॉलेज मिळाले पाहिजे. अशा वेळी कॉलेजबाहेर ती जागा शोधावी लागते: वस्तीतली अभ्यासिका चालवणे, ग्रंथालयाच्या बालविभागात आठवड्याचे दोन दिवस, एखादा क्रीडासंघ. अट एकच, की ती गेली नाही तर तिथे कोणाचे तरी काम अडले पाहिजे.

आपण पत्र लिहिले, मुलीने नाही. प्रवेशाचा अर्ज मात्र तिला भरू द्या आणि चूक झाली तर दुरुस्तीसाठीही तिलाच पाठवा. संध्याकाळी ‘आज काय शिकवले’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणाकोणाशी बोललीस’ असे विचारून पाहा. एनएसएसची नोंदणी बहुधा वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होते आणि हिवाळ्यातल्या शिबिराच्या संमतिपत्रावर पालकांची सही लागते. ती सही करण्यापूर्वी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा, मुलींच्या राहण्याची सोय, सोबतच्या शिक्षिका आणि जवळचा दवाखाना यांची नीट चौकशी करा. हा आपला हक्क आहे. त्यानंतर त्या सात दिवसांत रोज रात्री फोन करू नका. पाड्यावर रेंजसाठी मुलांना टेकडीवर चढावे लागते आणि तोच वेळ उद्याच्या तांदळाचा हिशेब करण्याचा असतो.